ब्रिटनमध्ये पीएच.डी.ला आलात? आधी लायब्ररीचे तीन वर्ग करा

आपल्याकडे विद्यापीठाची लायब्ररी म्हणजे पुस्तकं देण्याघेण्याचं काउंटर आणि परीक्षेच्या दिवसांत पंख्याखालची जागा पकडायची रीडिंग रूम. हीच सवय घेऊन माणूस ब्रिटनमध्ये पीएच.डी.ला येतो आणि लायब्ररीची ईमेल न उघडताच पुढे जातो. त्या ईमेलमध्ये सत्रभराच्या वर्गांची यादी असते. ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीज हे वर्ग ‘आयस्किल्स’ नावाने घेतात. इतर विद्यापीठांत नावं वेगळी, माल साधारण तोच. तास-दीड तासाचा वर्ग, फी नाही, परीक्षा नाही. शिकवणारे स्वतः ग्रंथपाल असतात, आणि एकेका विषयासाठी वेगळा ‘सब्जेक्ट लायब्ररियन’ नेमलेला असतो. इथे ग्रंथपाल हा शिक्षकच, हे आपल्या डोक्यात उतरायला जरा वेळ लागतो.

यादीतलं सगळं करत बसू नका. शोध, संदर्भ आणि हक्क (म्हणजे कॉपीराइट आणि खुलं प्रकाशन) हे तीन पुरेत. पहिले दोन आल्यापासून तीन महिन्यांत, तिसरा पहिला पेपर पाठवण्याआधी. या तिन्हींतल्या चुका केल्या त्या दिवशी दिसत नाहीत, प्रबंध बांधणीला जायच्या महिन्यात दिसतात.

शोधाच्या वर्गाला ‘गूगल स्कॉलर येतं की’ म्हणून दांडी मारू नये. स्कॉलर एका शोधाचे फार तर पहिले १००० निकाल दाखवतं, आणि आजचा शोध सहा महिन्यांनी तसाच्या तसा परत मिळेल याची खात्री नसते. सुरुवातीला चाचपडायला ते उत्तम, पण ‘उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला’ असं प्रबंधात लिहायला अपुरं.

समजा विषय आहे ऊसतोड कामगारांमधला उन्हाचा ताण आणि मूत्रपिंडाचे आजार. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांवर या प्रश्नाचं बरंच संशोधन झालेलं आहे, म्हणजे बीडच्या अभ्यासकालाही ते गाठावंच लागतं. वर्गात आधी संगणक लावू देत नाहीत. कागदावर तीन रकाने आखायला लावतात: ऊस, ऊन, मूत्रपिंड. प्रत्येक रकान्यात त्या कल्पनेची सगळी इंग्रजी नावं. उसाला ‘शुगरकेन’ एकत्र, ‘शुगर केन’ तोडून आणि ‘केन कटर’ असं तिन्ही लिहितात. उन्हासाठी ‘हीट स्ट्रेस’, ‘हीट स्ट्रेन’, ‘थर्मल स्ट्रेस’. मूत्रपिंडासाठी ‘किडनी’, ‘रीनल’, ‘नेफ्रोपथी’. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात घालायचे, आणि कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडायचे.

कंस राहिला की गंमत होते. ‘केन ऑर शुगरकेन अँड किडनी’ एवढंच लिहिलं, तर पबमेड हा वैद्यकीय संशोधनाचा डेटाबेस ते डावीकडून उजवीकडे सोडवत जातं आणि नशिबाने बरोबर उत्तर देतं. वेब ऑफ सायन्स हा सगळ्या शाखांचा डेटाबेस मात्र ‘अँड’ आधी सोडवतो, त्यामुळे ‘केन’ शब्द असलेला झाडून सगळा मजकूर पुढ्यात येतो, त्यात म्हाताऱ्यांच्या हातातली काठीसुद्धा. आकडा हजारोंत गेला की विद्यार्थी खूश होतो. आकडा मोठा म्हणजे शोध चांगला, हा गैरसमज पहिल्या वर्गातच मोडला जातो.

शब्दाच्या शेवटी लावायची चांदणी हे दुसरं हत्यार. ‘वर्क*’ लिहिलं तर ‘वर्कर’बरोबर ‘वर्कशॉप’ आणि ‘वर्कफ्लो’ही येतात; चांदणी ‘वर्कर’नंतर लावायची. पबमेडमध्ये आणखी एक खोच आहे. साधे शब्द टाकले तर ते आपल्या विषयसूचीतले समानार्थी शब्द स्वतःहून जोडतं. अवतरणचिन्हं किंवा चांदणी वापरली की ही जोडणी बंद पडते. म्हणून विषयसूचीतला अधिकृत शब्द वेगळा लिहायचा आणि आपला शब्दही लिहायचा. फक्त अधिकृत शब्दावर विसंबलं तरी चालत नाही, कारण पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला असा शब्द लावलेला नसतो.

शोध जमला की नाही हे कसं ओळखायचं? गाइडकडून किंवा आधीच्या वाचनातून या विषयावरचे पाच ते दहा महत्त्वाचे लेख हाताशी ठेवा. तुमच्या शोधात ते सगळे यायला हवेत. एखादा निसटला तर त्याचं शीर्षक आणि सारांश उघडून पाहा: तुमच्या रकान्यात नसलेला एखादा शब्द तिथे सापडतोच. तो घाला, पुन्हा चालवा. प्रत्येक वेळी तारीख, डेटाबेसचं नाव, शोधाची पूर्ण ओळ आणि निकालांचा आकडा वहीत उतरवा. पद्धतशीर आढावा लिहायचा असेल तर २०२० च्या प्रिझ्मा सूचीतल्या (असा आढावा कसा मांडायचा याची तपासणी यादी) २७ मुद्द्यांमध्ये हीच माहिती मागितलेली असते, आणि ती मागाहून आठवून लिहिता येत नाही.

इतिहास आणि साहित्याच्या मराठी अभ्यासकांनी या वर्गात एक प्रश्न हमखास विचारावा: मराठी पुस्तकं कॅटलॉगमध्ये कोणत्या स्पेलिंगने ठेवली आहेत? लंडनमध्ये सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या विद्यापीठाची लायब्ररी आहे, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचं दप्तर आहे, माल भरपूर आहे. पण पाश्चात्त्य ग्रंथालयं देवनागरी शीर्षक रोमनमध्ये उतरवताना बहुधा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा तक्ता वापरतात. त्यात आपण न उच्चारलेला शेवटचा ‘अ’ लिहिला जातो. ‘इतिहास’च्या शेवटी एक जादा ‘ए’ अक्षर येतं, ‘राजवाडे’च्या मधल्या ‘ज’नंतरही. आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसं टाइप केलं की ‘शून्य निकाल’, आणि माणूस पुस्तकच नाही असं समजून परत जातो. दोन्ही स्पेलिंगं करून पाहा. शक्य असेल तिथे थेट देवनागरीतही, कारण काही नोंदींत मूळ लिपी असते, काहींत नसते. कंपनी सरकारच्या काळातल्या कागदांत तर पुण्याचं ‘पूना’ आणि मराठ्यांचं ‘महराट्टा’ झालेलं असतं. तो चौथा रकाना धरा.

आता संदर्भ. झोटेरो, मेंडली, एंडनोट या संदर्भ साठवून प्रबंधात घालणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काय वापरायचं यावर तास घालवू नका. झोटेरो मोफत आहे आणि विद्यापीठ सोडल्यावरही तुमच्याकडे राहतं, एवढं कारण पुरे. मोफत साठवण ३०० एमबी मिळते, पण ती पीडीएफसारख्या फायलींसाठी. नुसत्या नोंदी त्यात मोजल्या जात नाहीत. जागा संपली म्हणून झोटेरोचं मूळ फोल्डर उचलून वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवण्याची युक्ती सर्रास केली जाते. ती करू नका. दोन यंत्रणा एकाच डेटाबेस फाइलवर लिहू लागतात आणि फाइल बिघडते.

नोंद घेताना ब्राउझरमधलं बटण प्रकाशकाच्या पानावरून दाबा, स्कॉलरच्या निकालांवरून नाही. स्कॉलरकडून येणारी नोंद बऱ्याचदा अर्धवट असते. नोंद आली की लगेच, त्याच मिनिटाला, तपासा. तीन आजार नेहमीचे. पहिला: मजकुरात एकाच लेखिकेच्या नावामागे कुठे आद्याक्षर उमटतं, कुठे नाही. कारण एका नोंदीत ‘कुलकर्णी, एस.’ आहे आणि दुसरीत पूर्ण नाव. झोटेरोला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. दुसरा: एकच लेख ‘२०१९ए’ आणि ‘२०१९बी’ असा दोनदा येतो. नोंद दोनदा घेतली गेली आहे. दोन्ही एकत्र करा, पण एक नुसती पुसून टाकू नका, नाहीतर वर्डमधला दुवा तुटतो. तिसरा आमचा आवडता: जागतिक आरोग्य संघटना संदर्भसूचीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाची व्यक्ती होऊन बसते. संस्थेचं नाव आडनाव-नाव अशा दोन खणांत गेलेलं असतं. लेखकाच्या ओळीशेजारचं छोटं बटण दाबून एकच खण करा.

वर्डमध्ये उमटलेला संदर्भ हाताने दुरुस्त करायचा नाही. पुढच्या वेळी संदर्भ रिफ्रेश झाले की दुरुस्ती पुसली जाते किंवा तो संदर्भ गोठून बसतो. दुरुस्ती नेहमी झोटेरोत. अगदी शेवटी, फाइलची प्रत काढून, त्या प्रतीवरच झोटेरोशी असलेले दुवे तोडायचे. मूळ फाइल जिवंत ठेवायची, कारण तोंडी परीक्षेनंतर सुधारणा येतात.

हक्कांचा वर्ग कंटाळवाणा वाटतो आणि पैशांच्या दृष्टीने सर्वांत महाग तोच पडतो. तुमचा निधी युकेआरआयचा (ब्रिटनची सरकारी संशोधन-निधी संस्था) असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून पाठवलेला शोधलेख छापल्या दिवशीच सर्वांना मोफत खुला असावा लागतो. निधी दुसऱ्याचा असेल तर त्याची अट वेगळी असू शकते, म्हणून आधी शिष्यवृत्तीचं पत्र काढून बघा. बऱ्याच प्रकाशकांशी विद्यापीठांचे करार असतात, त्यामुळे खुल्या प्रकाशनाची फी लेखकाला भरावी लागत नाही. मात्र पत्रव्यवहार करणारा लेखक त्या विद्यापीठाचा हवा, आणि ईमेलही विद्यापीठाचीच. जीमेलवरून पेपर पाठवला की करार ओळखला जात नाही आणि बिल तुमच्या नावाने येतं. ते आल्यावर भरू नका, आधी लायब्ररीच्या ओपन ॲक्सेस टीमला पाठवा.

करार नसेल तर ‘स्वीकृत हस्तलिखित’ विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात (रिपॉझिटरीत) ठेवतात. परीक्षकांच्या सूचना घालून झालेली, पण प्रकाशकाने मांडणी करण्याआधीची तुमची शेवटची वर्ड फाइल ती हीच. लोक नेमकी तीच सांभाळत नाहीत आणि प्रकाशकाची सुंदर पीडीएफ चढवतात, जी चालत नाही. स्वीकृतीची ईमेल आली त्याच दिवशी ती फाइल वेगळ्या नावाने ठेवून द्या.

प्रबंधाचंही तसंच. तो बहुतेक ठिकाणी ऑनलाइन खुला होतो. आत दुसऱ्याचे नकाशे, फोटो, तक्ते असतील तर परवानगीची पत्रं लिहायला सुरुवात दुसऱ्या वर्षातच करा. उत्तर यायला महिने जातात, काही येतच नाहीत. पुस्तक करायचं असेल तर खुलं होण्याची मुदत पुढे ढकलून मागता येते, पण ती सादर करतानाच मागायची. दुसऱ्यांचे ब्रिटिश प्रबंध शोधताना जुन्या लेखांतून ‘इथॉस’चा, म्हणजे ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन प्रबंधसूचीचा सल्ला मिळेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा ते बंद पडलं. थेट त्या त्या विद्यापीठाच्या भांडारात शोधणं खात्रीचं.

ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख पटवणारा क्रमांक, याच वर्गात काढून टाका. १६ अंकी, मोफत, पाच मिनिटांचं काम. पाटील, जोशी, शिंदे आडनावाच्या माणसाला तो इतरांपेक्षा जास्त लागतो, आणि लग्नानंतर नाव बदललेल्यांना त्याहून.

माहिती साठवणुकीचे, प्रभाव मोजणीचे, एआयचे वर्ग गरज पडेल तेव्हा. एआयपुरतं एकच: त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून बघा. नसलेले लेख ते अगदी आत्मविश्वासाने रचतं.

भारतात घरी बसून वाचणाऱ्यांसाठी: यूजीसीने पीएच.डी.ला संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे, आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत सरकारी संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं उघडली आहेत. म्हणजे दार उघडं आहे, शोधायचं कसं हे शिकायचं उरलं. ब्रिटनमधल्या लायब्ऱ्यांची ‘लिबगाइड्स’ नावाची पानं बहुधा लॉगिनशिवाय दिसतात. वर्गातल्या पायऱ्या, नमुना शोध, बरेचदा स्लाइड्सही त्यांवर असतात. विद्यापीठाचं नाव, विषय आणि ‘लिबगाइड’ एवढं शोधा.

आणि इथे ब्रिटनमध्ये असाल तर वर्गानंतर सब्जेक्ट लायब्ररियनची एकट्याची वेळ घ्या. जाताना तीन रकान्यांचा कागद आणि फसलेल्या शोधाची ओळ बरोबर न्या. नुसतं ‘माझ्या विषयावर काही सापडत नाही’ म्हटलं तर वेळेचा पहिला अर्धा भाग तो कागद आखण्यातच जातो.