करंट मारणारा मासा

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी आठला नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंचा फोन. "भाऊ, लवकर या बाप्पा! नातवानं आणलेला मासा करंट मारून राहिला. माझा हातच झटकला ना त्यानं!"

मी फिश टँकची कामं करतो, पण मूळचा आयटीआयचा वायरमन. मासा आणि करंट एकाच वाक्यात आले की माझा संशय आधी वायरवर जातो. "टँकचा स्विच बंद करा, पाण्यात कोणी हात घालू नका," एवढं सांगून निघालो.

जुना वाडा, नुकतीच पुसलेली ओली फरशी, लाकडी टेबलावर तीन फुटी टँक. काचेवर नातवानं कवटी काढून कागद चिकटवला होता: '860 व्होल्ट'. आत पाइपच्या तुकड्यातून सोंडेसारखं तोंड काढून एक तपकिरी, लांबट मासा बसलेला. दुकानदारानं 'इलेक्ट्रिक ईल' म्हणून बाराशे रुपये घेतले होते. जाळीनं जरा हलवला तर पाठीवर बारीक काट्यांची रांग दिसली. बाम! आपण रस्सा करून खातो त्याचाच भाऊबंद.

नातू नववीतला, सगळं पाठ. "काका, ईल 860 व्होल्ट मारते. घोडे मेले होते त्याच्यानं!"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. इलेक्ट्रिक ईलची एकच जात समजत होते, 2019 साली तिच्या तीन केल्या. त्यातल्या एकीचा झटका 860 व्होल्ट भरला. घोड्यांचा किस्सा 1800 सालचा, व्हेनेझुएलातला. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्टच्या डोळ्यांसमोर ईलच्या डबक्यात घोडे हाकलले, पहिल्या पाच मिनिटांत दोन गेले. पण ते गेले बुडून. झटक्यांनी बधिर होऊन पडले, पुन्हा उठता आलं नाही. माणसालाही त्या माशाची खरी भीती हीच. लागोपाठ झटके बसून पाय लुळे पडले, तर कमरेएवढं पाणीसुद्धा पुरतं. छोट्या माशांना तर तो अंगाला न शिवता ताठ करतो आणि अख्खे गिळतो. फक्त हे सगळं दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये. महालात नाही.

सगळ्यांना मागं सरकवलं, रबरी बूट होतेच पायात, स्विच चालू केला आणि टेस्टर पाण्याला टेकवला. दिवा लागला.

स्विच बंद करून, प्लग काढून पाणी कोमट ठेवणारा हीटर बाहेर घेतला. काचेच्या नळीला केसाएवढी चीर. विचारल्यावर नातवानं मान खाली घातली. रविवारी पाणी बदलताना हीटर चालूच राहिला होता. उघड्यावर तापला, वरून गार पाणी पडलं, काच तडकली. प्लग टू-पिन, बोर्डाची अर्थिंगची वायर नुसती लोंबत होती. घरात जुने, तारेचे किटकॅट फ्यूज. एवढ्याशा गळतीनं ते काय उडणार!

"मंग मासा काहून नाही मेला?" काकूंचा प्रश्न बिनतोड होता. तारेवरची चिमणी का मरत नाही, तेच कारण. सगळ्या पाण्यालाच करंट, खाली कोरडं लाकूड, मग माशातून तो वाहून जाणार कुठं? काकू अनवाणी, ओल्या फरशीवर. त्यांनी हात घातला आणि वाट मिळाली.

"पण काका, घरातलं तर 230च ना?" नातू हार मानेना. त्याला खाली बसवून सांगितलं. ईलचा एक झटका सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका. एकामागून एक येतात, पण थोड्या वेळात तो दमतो. आपली लाइन दमत नाही. मूठ आवळली गेली तर सुटतच नाही, तेवढ्यात छातीचा ठोका बिघडतो. नागपुरात उन्हाळ्यात कूलरला चिकटून गेलेली माणसं मी ऐकली आहेत, एक तर आमच्याच गल्लीतला. ईलनं गेलेला अजून कोणी भेटला नाही.

शेजारच्या आजोबांनी मासा अंबाझरी तलावात सोडून यायचं ठरवलं होतं. हीटर तसाच राहिला असता. मी त्याची वायर पकडीनं कापून टाकली आणि दुसऱ्या दिवशी थ्री-पिन सॉकेट, अर्थिंग आणि गळती झाली की 30 मिलिअँपिअरवरच उडून लाइन तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवून दिला.

जानेवारीत पाणी बदलायला गेलो, तर 860 व्होल्टचा कागद काचेवर तसाच. "राहू द्या ना काका, दोस्त पाहायला येतात," नातू हळूच म्हणाला. काकू रबरी चप्पल घालून बामला गांडुळं टाकत होत्या.