होय, अमेरिकेतल्या पोरांचा होमवर्क मी सोडवायचे

बारशाला विचारतात, स्टाफरूममध्ये विचारतात, परवा डेंटिस्टकडे नंबरची वाट बघत बसले होते तर तिथेही एकीने विचारलंच. "तू ते अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांचे प्रश्न सोडवून द्यायचीस ना ऑनलाइन? मग ती चीटिंग नाही का गं? आणि तू तर स्वतः शिकवतेस." त्यातली निम्मी माणसं हे बोलून झाल्यावर आवाज खाली आणून विचारतात की आमच्या पोरीला पण लावून देता येईल का ते काम. इतकी वर्षं हसून विषय बदलत आले, आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी एक गोष्ट. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्या माणसाला नीतिमत्तेचे प्रश्न विचारताना जरा जपून. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही त्यांनी एवढंच समजा की पगार महिन्याचा नसतो, तासाचा असतो, तोही कधी येईल ते कॉलेजला पण माहीत नसतं, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. एम.कॉम. झालं, सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झाली, जागा निघेनात. २०१९ मध्ये नणंदेने सांगितलं की असं असं काम आहे, विषयाची परीक्षा द्यायची, पास झालं की एका उत्तराचे शंभर-सव्वाशे रुपये. ती एम.एस्सी. फिजिक्स, मी अकाउंट्स, नवरा एम.सी.ए., तो रात्री येऊन कॉम्प्युटरचे घ्यायचा. मिरजेत एका टू बीएचकेमध्ये तीन लॅपटॉप. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या की आमच्याकडे सगळे कॉल सेंटरला आहेत.

आता गंमत बघा. तिकडे बहुतेक असाइनमेंटची मुदत रविवारी रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री ११:५९ म्हणजे थंडीत आपल्याकडे सोमवारी सकाळी १०:२९, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की ९:२९. म्हणजे सोमवारी पहाटेपासून प्रश्नांचा नुसता पूर. एका हाताने डबा भरायचा, दुसऱ्या हाताने क्लोजिंग एंट्री पास करायची. कॅलिफोर्नियावाल्यांची गर्दी त्यानंतर तीन तासांनी, तोवर माझा कॉलेजला जायचा टाइम.

आणि हे सोपं काम नव्हतं हो. लोकांना वाटतं डेबिट-क्रेडिट सगळीकडे सारखंच. डेबिट-क्रेडिट सारखंच असतं, बाकी सगळं वेगळं. त्यांच्याकडे ताळेबंदात कॅश सगळ्यात वर. त्यांच्याकडे लिफो चालतं, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला गेला असं धरायचं, आपल्या अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये स्टॉकच्या मूल्यांकनाला लिफो चालतच नाही, मग नव्याने बसून शिकायचं. टॅक्सच्या घसाऱ्याचा त्यांचा एक तक्ता आहे, पाच वर्षांच्या मालमत्तेला २० टक्के, ३२, १९.२०, ११.५२, ११.५२ आणि ५.७६, मोजा, सहा वर्षं होतात, कारण पहिलं वर्ष अर्धंच धरतात. हे मला आजही झोपेत पाठ आहे आणि इथे कुणालाही त्याचा उपयोग नाही. नणंद तर फूट-पाउंडवर वैतागायची, स्लग नावाचं वस्तुमानाचं एकक असतं हे एम.एस्सी. करून पण तिला माहीत नव्हतं. नवऱ्याचं वेगळंच. प्रश्नात लिहिलेलं असायचं की ॲरे वापरायचा नाही, अजून शिकवलेला नाही. त्यामुळे तो बापडा दहा वर्षं कोडिंग केलेला माणूस मुद्दाम नवशिक्यासारखा कोड लिहायचा, कारण शहाण्यासारखा लिहिला तर तिकडच्या प्रोफेसरला लगेच कळणार की हे पोराचं काम नाही. हे मी हसत हसत सांगायचे सगळ्यांना. आता लिहिताना तेवढं हसू येत नाही.

बिझनेसचे प्रश्न मला सगळ्यात नकोसे. वॉलमार्टच्या सप्लाय चेनवर पाचशे शब्द. मी आयुष्यात वॉलमार्टचं दुकान आतून पाहिलेलं नाही, आमची धाव मार्केट यार्डापर्यंत, पण त्यावर मी इतकं लिहिलंय की त्यांच्या मॅनेजरने पण लिहिलं नसेल. एकदा तर चक्क शैक्षणिक प्रामाणिकपणा का महत्त्वाचा यावर चर्चेची पोस्ट लिहून हवी होती. मी लिहिली. छान झाली होती, लाइक आला.

तर चीटिंग. तेव्हाची मी काय म्हणायची ते आधी सांगते, कारण ती अजून माझ्याशी भांडते. ती म्हणायची, आपल्याकडे दहावीपासून गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच घेऊनच पोरं पास होतात ना, मग गाईड लिहिणारा चोर का? मी स्टेप टाकून लिहिते, प्रत्येक आकडा कुठून आला ते लिहिते, हे शिकवणंच आहे, फळ्याऐवजी स्क्रीनवर. आणि तिकडची शिक्षणाची सिस्टीम काय फार सोवळी आहे का? पुस्तकाबरोबर एक ॲक्सेस कोड घ्यावा लागतो, बऱ्याचदा शंभर डॉलरच्या आसपास, तो एकदाच चालतो म्हणजे जुनं पुस्तक घेऊन भागत नाही, कोड नसेल तर होमवर्क सबमिटच करता येत नाही. म्हणजे होमवर्क करायचे पण पैसे भरायचे. प्रत्येक पोराला आकडे वेगळे, तपासणार कॉम्प्युटर, प्रोफेसर ते उघडून बघत असेल की नाही देव जाणे. तिथे महिन्याला पंधरा-वीस डॉलर भरून पोराने माझ्याकडून उत्तर घेतलं तर एवढं काय आभाळ कोसळलं?

यातलं बरंचसं मला आजही पटतं. मग अडतं कुठे, तर फोटोंवर. लॉकडाऊन लागला आणि सगळ्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. तोवर प्रश्न टाइप करून यायचे नाहीतर पुस्तकाच्या पानाचा फोटो यायचा. २०२० च्या एप्रिलपासून स्क्रीनचे फोटो यायला लागले, तिरके, घाईत काढलेले, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. होमवर्कला घड्याळ कशाला असेल? बॉस्टन युनिव्हर्सिटीने त्याच सुमारास केमिस्ट्री-फिजिक्सच्या ऑनलाइन परीक्षांतल्या कॉपीची चौकशी लावली, ते वाचून नणंद दोन दिवस गप्प होती. नियम होता की परीक्षेचा प्रश्न वाटला तर सोडून द्यायचा. सोडायचे मी. पण मी सोडला की तो पुढच्या माणसाकडे जाणार, तो पुढचा माणूस इंदूरला नाहीतर पाटण्याला माझ्यासारखाच सीएचबीवर बसलेला, आणि पैसे त्याला. सगळे सोडले असं मी शपथेवर सांगणार नाही. पुढे बोला.

मला खरं ज्याच्याबद्दल लिहायचंय तो प्रश्न परीक्षेचा नव्हताच. साधा बाँडचा, म्हणजे कर्जरोख्याचा, प्रश्न होता. एक लाख डॉलरचा बाँड, ८ टक्के व्याज, सहामाही, पाच वर्षं, बाजारातला दर १० टक्के, इश्यू प्राइस, म्हणजे तो किती डॉलरला विकला जाईल ते, काढा आणि पूर्ण टेबल करा. असे मी रोज करायचे. दहा सहामाह्या, ५ टक्के, मुद्दलाची आजची किंमत आणि चार-चार हजारांच्या व्याजाची आजची किंमत, बेरीज ९२,२७८ डॉलर. मग दहा ओळींचं टेबल, चार हजार रोख, ४,६१४ व्याजखर्च, फरक ६१४, नवीन किंमत ९२,८९२, असं शेवटपर्यंत. सुबक काम. पाठवलं, चहा ठेवला.

अर्ध्या तासात डिसलाइक. खाली लिहिलेलं की उत्तर चूक आहे, सगळं लाल आलं. मी तीन वेळा तपासलं, बरोबरच. मग विचारलं, तेव्हा त्या मुलीने उरलेल्या प्रश्नाचा फोटो टाकला, जो आधी कापला गेला होता. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, पुस्तकामागचे तक्ते वापरा, चार दशांशांपर्यंत. चार दशांश घेतले की मुद्दलाला गुणायचा आकडा ०.६१३९ आणि व्याजाला गुणायचा ७.७२१७, आणि बेरीज येते ९२,२७७. एक डॉलर. त्या एका डॉलरमुळे खाली प्रत्येक ओळीतली किंमत एकाने हुकत गेली आणि कॉम्प्युटरला दया नसते, त्याने लाल केलं. ओळ तिने कापली, डिसलाइक मला. एका डिसलाइकने काय होतं असं वाटेल, पण रेटिंग ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलं की अकाउंट बंद, आणि माझं तेव्हा अगदी काठावर होतं.

मी रागाने चार ओळी टाइप केल्या, पाठवायच्या आत तिची पुढची कमेंट आली. आकड्यांचं जाऊ दे, तिने लिहिलं होतं, पण हे ५ कुठून आले? प्रश्नात तर ८ आणि १० आहेत, ५ कुठेच नाहीये. उद्या टेस्ट आहे आणि मला खरंच कळत नाहीये.

एवढ्या उत्तरांत असं कुणी विचारलं नव्हतं. धन्यवाद यायचे, चूक आहे असं यायचं, बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. कुठून आलं हे कुणाला नको असायचं. आणि मी तर स्टेपमध्ये छान लिहिलं होतं की बाजारातला दर भागिले दोन. लिहिलं होतं, पण ते वाचून तिला कळलं नव्हतं, मग मी ज्याला इतके दिवस शिकवणं म्हणत होते ते काय होतं?

मग मी लिहीत बसले. आमच्याकडे लोक पतसंस्थेत ठेव ठेवतात, पावतीवर ८ टक्के छापलेलं असतं. समज उद्या शेजारची पतसंस्था १० टक्के द्यायला लागली. आता तुझी पावती मी विकत घ्यायची तर मी पूर्ण पैसे का देऊ? कमीच देणार. किती कमी, ते या गणितात काढतात. छापलेले ८ फक्त हातात पडणारे चार हजार ठरवतात, बाकी सगळं १० च्या हिशोबाने. आणि व्याज वर्षातून दोनदा, म्हणून १० चे ५ आणि पाच वर्षांच्या दहा सहामाह्या. पतसंस्थेला तिकडे क्रेडिट युनियन म्हणतात, ते घातलं. चहा उकळून भांड्याच्या तळाशी लागला. तिने लिहिलं, ओह, म्हणजे कमी व्याज देतो म्हणून स्वस्त मिळतो! मग तिनेच विचारलं की बाजारातला दर ६ असता तर जास्त पैसे द्यावे लागले असते का. मी लिहिलं, हो, बरोबर. एवढंच.

या कमेंटचे पैसे मिळत नाहीत. डिसलाइक तसाच राहिला, तिने काढला नाही की तिला काढता आला नाही, कोण जाणे. आठवड्याभरात माझं अकाउंट होल्डवर. मी मेल केला, सगळे आकडे घालून, कापलेल्या ओळीचा उल्लेख करून, उलट आलं की क्वालिटी ही आमची प्राथमिकता आहे. दोन-तीनदा तेच उत्तर, शब्द न् शब्द तेच. नवरा म्हणाला सोड. नणंद म्हणाली, कमेंटला उत्तर देत बसलीस तो वेळ घालवलास, तेवढ्यात चार प्रश्न झाले असते. हिशोबाने तिचं बरोबर होतं.

आता तुम्हाला वाटेल की मग मी ते काम सोडलं. सांगायला आवडलं असतं. अकाउंट परत सुरू झालं आणि मी परत बसले, मुलाच्या शाळेची फी होती. सोडलं ते नंतर, आणि सोडलं म्हणजे काय, प्रश्नच आटले. २०२२ च्या ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं, आणि पुढच्या मे महिन्यात या धंद्यातल्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. पोरांना माझी गरज संपली. तेव्हा ज्या मावश्या अजून काम लावून द्या म्हणून विचारतात त्यांना उत्तर हे, की आता तिथे तसं काम उरलेलं नाही.

मध्ये बी.कॉम.च्या पोरांनी इंटर्नलची असाइनमेंट दिली. एकाच्या ताळेबंदात सगळीकडे डॉलर. डॉलरची खूण बदलून रुपयाची सुद्धा केली नव्हती, डेटर्सच्या जागी अकाउंट्स रिसिव्हेबल, कॅश सगळ्यात वर, आणि मांडणी, तुम्हाला सांगते, हुबेहूब आमची, आधी दिलेली माहिती, मग स्टेप, मग स्पष्टीकरण. माझंच असेल असं नाही, आम्ही सगळे एकाच साच्यात लिहायचो. स्टाफरूममध्ये सगळे हसले. मला त्याला ओरडायचं होतं आणि तोंड उघडेना. शेवटी दहापैकी चार दिले. तो भांडायला आला की मॅडम, उत्तर तर बरोबर आहे. बरोबर होतंच. मी म्हटलं, बस, यातली एक एंट्री समजावून सांग, मार्क वाढवते. तो म्हणाला राहू दे मॅडम, चार ठीक आहेत.

म्हणजे चीटिंग होती का? त्या पोरासमोर बसलेली मी हो म्हणेन. तो बाँडचा प्रश्न आठवला की नाही म्हणेन. फीच्या पावत्या काढून बघितल्या तर म्हणेन की तुम्ही कोण विचारणार. नणंदेचं मत पक्कं आहे, ती म्हणते आपण मजूर होतो, मजुराला कुणी विचारत नाही की भिंत कुणाची. यावर आमचं अजून वाजतं. तिला पण हे वाचायला देणार आहे, ती काय म्हणेल ते मला आत्ताच माहितीये.