पणजीच्या लक्ष वाती

परवा वाईला जाऊन आले. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं आणि मग घाटावर बराच वेळ नुसतीच बसून राहिले. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फुटून जावं म्हणून, १७६२ मधलं रास्त्यांचं बांधकाम आणि अजून भक्कम उभं आहे. पण माझ्या डोक्यात सारखी पणजी होती, जिला मी कधी पाहिलंसुद्धा नाही, जे काय माहितीये ते सगळं आजीकडून ऐकलेलं.

पणजी लग्न होऊन वाईत आली तेव्हा दहा वर्षांची होती. घरात सोवळं कडक, पहाटे ओलेत्याने नदीचं पाणी भरायचं, धाबळी नेसून स्वयंपाक, पुरुषांची पंगत उठली की मग बायकांची पानं. पणजोबा भिक्षुकी करायचे आणि संध्याकाळी शास्त्रीमंडळींच्या चर्चा ऐकत बसायचे. वाई तेव्हा तशीच होती, १९१६ ला नारायणशास्त्री मराठ्यांनी तिथे प्राज्ञपाठशाळा काढली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे अस्पृश्यतानिवारणासाठी गांधीजींना शास्त्राधार काढून देणारे तेच. एवढं मोठं मंथन त्या छोट्या गावात चाललं होतं याचा मला खरंच अभिमान वाटतो. घरातला धर्म मात्र बायकांच्या हातात होता, अगदी शब्दशः हातात.

१९१८ ला पाऊस पडला नाही आणि त्यातच मानमोडीची साथ आली, म्हणजे तो इन्फ्लुएंझा, मुंबईतून गावोगाव पसरलेला. आजी तेव्हा पाच वर्षांची आणि तिचा भाऊ आठ वर्षांचा. त्याला ताप भरला आणि पणजीने कृष्णाबाईला, कृष्णा नदीलाच वाईत देवी मानून तसं म्हणतात, लक्ष वाती बोलल्या, म्हणजे एक लाख, आणि त्याच रात्री उशाशी बसून वळायला घेतल्या. आजी करून दाखवायची, कापसाची चिमूट घ्यायची, मधोमध वर ओढायची, राखेत बोट टेकवून शेंडीला पीळ द्यायचा की झाली फुलवात. हजार झाल्या की एक चिंचोका पितळी डब्यात टाकायचा, हा तिचा हिशोब.

डब्यात चार चिंचोके पडले आणि पोरगा गेला.

तेरावं झालं आणि पणजी परत कापूस घेऊन बसली. पणजोबा म्हणाले, अगं नवस फळला नाही, आता फेडायचं बंधन नाही, शास्त्रात बसतं हे. त्यावर ती एवढंच म्हणाली, "त्याचं तो बघेल, बोलले ते मी बोलले." पणजोबा परत कधी त्या विषयावर बोलले नाहीत, उलट सरकी काढून द्यायला बसायला लागले. मला लहानपणी हे ऐकून देवाचाच राग यायचा, त्या सोवळ्याचा तर अजून येतो, पण मला स्वतःला मूल झाल्यावर कळलं की ते हात रिकामे ठेवणं तिला शक्यच नव्हतं.

जवळजवळ दीड वर्ष लागलं. महागाईत तुपाचा खर्च झेपेना म्हणून तिळाच्या तेलात भिजवल्या आणि कृष्णाबाईच्या उत्सवात, माघापासून एकेका घाटाचा नंबर लागतो ना, त्यात आपल्या घाटाच्या दिवशी घमेल्यांत घालून पेटवल्या. आजीला ती उष्णता आठवायची, तोंड भाजेल इतकी धग, आणि आई मागे सरकतच नव्हती असं म्हणायची.

तो पितळी डबा आता माझ्याकडे आहे. सुटे चिंचोके मी मोजलेत, ९६ आहेत. बाकीचे चार पणजीने एका चिंधीत वेगळे बांधून ठेवलेत, ती गाठ आजीनेही कधी सोडली नाही आणि मीही नाही सोडलेली.