आर-फ्री किती आला की थांबायचं?

नव्याने क्रिस्टलवर एक्स-रे टाकून प्रोटीनचं स्ट्रक्चर सोडवायला बसलेली मुलं हे हमखास विचारतात. रिफाइनमेंट म्हणजे मॉडेल मोजलेल्या डेटाशी जुळवत नेणं, आणि आर-फ्री म्हणजे मॉडेलला न दाखवलेल्या डेटाशी उरलेली तफावत. बायोकेमिस्ट्रीवाले विचारतात तेव्हा सूर जरा वैतागलेला असतो: "मॉडेल बसलं, आकडेही बरे दिसतायत, मग अजून रिफाइनमेंट कसली चाललीय? आर-फ्री किती आला की थांबता तुम्ही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आकडा सांगता येतो, पण मी आकडा बघून थांबत नाही.

ढोबळ हिशेब असा. रिझोल्यूशन (डेटात किती बारीक तपशील दिसतो ते; आकडा लहान तितका बारीक) 2 अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर आर-फ्री साधारण 20 ते 25 टक्क्यांत यावा आणि आर-वर्कच्या (रिफाइनमेंटला दाखवलेल्या डेटावरची तीच तफावत) फार वर नसावा, चार-पाच टक्के ठीक. तिशीच्या वरच अडून बसला तर कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की. स्पेस ग्रुप (क्रिस्टलची सममिती) चुकलाय, क्रिस्टल ट्विन (एकमेकांत वाढलेले दोन) आहे, नाहीतर साखळीचा एखादा पट्टा एका रेसिड्यूने (अमिनो आम्लाने) सरकून बसलाय. या शेवटच्या प्रकारात मॅप (इलेक्ट्रॉन डेन्सिटीचा नकाशा) वरवर ठीक वाटतो, फक्त ट्रिप्टोफॅनच्या जागी डेन्सिटी खुरटी आणि शेजारच्या ग्लायसिनला मात्र भलंमोठं शेपूट.

आर-फ्रीची कल्पना ॲक्सेल ब्रुंगर यांनी 1992 मध्ये मांडली. पाच-दहा टक्के रिफ्लेक्शन्स (क्रिस्टलवरून विखुरलेल्या एक्स-रेचे मोजलेले ठिपके) सुरुवातीलाच बाजूला काढायची, रिफाइनमेंटला दाखवायची नाहीत, आणि मॉडेल त्यांच्याशी किती जुळतं ते तपासायचं. प्रत्येक अणूचे तीन कोऑर्डिनेट आणि एक बी-फॅक्टर (अणू किती डळमळतो त्याचं माप) असे चार आकडे आपण हलवत असतो. 3 अँगस्ट्रॉमच्या तुटपुंज्या डेटावर तेवढ्या मोकळिकीत आर-वर्क हवा तसा खाली ओढता येतो. म्हणून हा पहारा. पण तोही फितूर होतो. त्याच क्रिस्टल फॉर्ममध्ये नवा लिगँड (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) भिजवला, जुनंच मॉडेल घेतलं आणि फ्री सेट मात्र नव्याने निवडला, की पेपर फुटलाच म्हणायचा: आज बाजूला काढलेली बरीचशी रिफ्लेक्शन्स त्या मॉडेलने मागच्या खेपेला पाहिलेली असतात. जुना फ्री सेट जसाच्या तसा पुढे न्यायचा. ट्विनिंग असेल तर ट्विनच्या नियमाने जोडलेली रिफ्लेक्शन्स एकत्रच बाजूला ठेवायची.

समजा हे सगळं नीट केलं. तरी आर-फ्री हा अख्ख्या क्रिस्टलचा एकच आकडा. तीन हजार अणूंच्या मॉडेलमध्ये तुमच्या इनहिबिटरचे (एन्झाइम अडवणाऱ्या लिगँडचे) वीस. ते ठेवले काय, काढले काय, आर-फ्री दशांशात हलतो. आणि तुम्हाला तर नेमके तेच वीस हवे असतात. म्हणून मॅप बघावा लागतो, आणि खरा घोळ तिथेच आहे. डिटेक्टर तीव्रता मोजतो, फेज (लाटेचा टप्पा, ज्याशिवाय मॅप काढता येत नाही) मोजत नाही. शेवटच्या टप्प्यात फेज येतात त्या आपल्याच मॉडेलमधून, त्यामुळे जे घातलं त्याचीच सावली मॅपमध्ये उमटते. आधी लिगँड बसवून मग "बघा, डेन्सिटी आहे की!" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लिगँड काढायला लावते. आधी सगळं प्रोटीन पुरं करायचं, बाहेरची पाणी बसवायची, लिगँडचा खिसा रिकामा ठेवायचा (आपोआप पाणी भरणारा प्रोग्राम तिथेही भरतो, त्याला आवरायचं), आणि मग डिफरन्स मॅप (डेटा वजा मॉडेल: मॉडेलमध्ये राहून गेलेलं हिरवं, जास्तीचं लाल) 3 सिग्माला, म्हणजे गोंगाटाच्या तिप्पट उंचीवर, लावून हिरवं काय दिसतं ते पाहायचं.

दिसतो बहुधा एक वाकडा, तीन टोकांचा गोळा. ज्याने त्या एन्झाइमवर वर्षं घातलीत त्याला त्यात आपला इनहिबिटर दिसतो. मी आधी ड्रॉपमध्ये (क्रिस्टल वाढवलेल्या थेंबात) काय काय होतं ते विचारते. क्रायोसाठी (क्रिस्टल गोठवताना) ग्लिसरॉल वापरलं होतं का? सल्फेट? पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल)? ग्लिसरॉलचे सहा जड अणू साखरेच्या हायड्रॉक्सिलच्या जागी मजेत बसतात. मग बी-फॅक्टर. भोवतालचे रेसिड्यू 25 वर आणि लिगँड 80 वर असेल, तर त्या 80 चा अर्थ अणू आपल्या जागेपासून सरासरी 1 अँगस्ट्रॉम डळमळतोय. निम्म्याच रेणूंमध्ये लिगँड आहे, किंवा मुळात नाहीच.

पाण्याचंही तसंच. पाण्याच्या रेणूत दहा इलेक्ट्रॉन, मॅग्नेशियम आयनात दहा, सोडियम आयनातही दहा. मॅपमध्ये तिघं सारखेच. फरक अंतरांत असतो: पाण्या-पाण्यात साधारण 2.8 अँगस्ट्रॉम, मॅग्नेशियमपासून ऑक्सिजन 2.1 वर आणि सहा बाजूंनी अष्टफलकात. प्रोग्राम मधोमध मॅग्नेशियमच्या जागी पाणी ठेवतो, व्हॅलिडेशन (मॉडेलची आपोआप होणारी तपासणी) "फार जवळ" म्हणून ओरडतं, आणि विद्यार्थी क्लॅश घालवायला भोवतालची खरी पाणी पुसून टाकतो. रिपोर्ट स्वच्छ, मॅग्नेशियम गायब.

पृष्ठभागावरच्या लायसिनवर मात्र आमच्यात एकमत नाही. साइड चेनला डेन्सिटीच नाही, तर करायचं काय? कोणी अणू कापतात, कोणी ऑक्युपन्सी (किती रेणूंत तो अणू त्या जागी आहे ते) शून्य करतात, कोणी ठेवून बी-फॅक्टर चढू देतात. मी तिसऱ्या गटातली. कापलेलं लायसिन नावाने लायसिन आणि दिसायला ॲलानिन, त्यावर कोणी पृष्ठभागाचा विद्युतभार काढला की तो चुकणार. शून्य ऑक्युपन्सी तर कोणी वाचतच नाही. समोरचे म्हणतात, चढलेला बी-फॅक्टर तरी कोण वाचतं? त्यात तथ्य आहे.

तर थांबायचं कधी? प्रत्येक मोठा हिरवा आणि लाल ठिपका बघून झाला, ज्यांचा उलगडा होतो त्यांचा केला, आणि ज्यांचा होत नाही ते रिकामे सोडले, की मी थांबते. ओळख न पटलेल्या गोळ्यात पाण्याची रांग कोंबली तर आर-फ्री थोडा उतरतोही, पण ते करू नये. आणि माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पीडीबीमध्ये (प्रोटीन स्ट्रक्चर्सच्या सार्वजनिक साठ्यात) 2008 पासून क्रिस्टल स्ट्रक्चरसोबत स्ट्रक्चर फॅक्टर (रिफ्लेक्शन्सचा डेटा) देणं बंधनकारक आहे, म्हणजे मॅप कोणालाही काढता येतो. पुढच्या वेळी कोणाच्याही पेपरमधला लिगँड आवडला, तर ते स्ट्रक्चर कूट या मॉडेल बांधायच्या प्रोग्राममध्ये उघडा, लिगँड पुसा, एकदा रिफाइन करा आणि हिरवं किती उरतंय ते बघा.