सही कोणाची चालते? : एक विषय कमी करण्यासाठी घालवलेले एकोणीस दिवस

आजारपणामुळे एक विषय सोडण्याची मंजुरी मागणारा माझा अर्ज २०२३च्या ऑक्टोबरात ‘अपूर्ण’ असा शेरा पडून परत आला आणि त्यात नेमके काय अपूर्ण आहे हे शोधण्यात, व ते पुरे करण्यात, माझे एकोणीस दिवस गेले. त्या दिवसांचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत शिकणाऱ्या दुसऱ्या कोणावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी मूळची सांगलीची. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील एका विद्यापीठात माझे पदव्युत्तर शिक्षणाचे तिसरे सत्र सुरू होते. सप्टेंबरपासून झोप लागेना, अन्नावरची वासना उडाली आणि प्रयोगशाळेत बसून एकच परिच्छेद मी तासन्‌तास वाचू लागले. घरच्या आणि माझ्या घड्याळात साडेनऊ तासांचे अंतर. मी मध्यरात्री जागी असे तेव्हा आईची सकाळची कामे चाललेली असत, आणि ‘बरी आहेस ना गं?’ या तिच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळे होणे सोपे जाई. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राची पायरी चढायला मला महिना लागला, पण चढल्यावर तिथले सारे सुरळीत झाले. दुसऱ्याच भेटीत समुपदेशक बाईंनी सुचवले की या सत्रापुरता एक विषय सोडावा, आणि तसे पत्रही दिले.

इथे नियम सांगणे भाग आहे. एफ-१ विद्यार्थ्याने सत्रात पूर्णवेळ शिकले पाहिजे; पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी साधारणपणे १२ क्रेडिट (विषयांचा भार मोजण्याची एकके) लागतात, पदव्युत्तरसाठी विद्यापीठ आकडा ठरवते आणि आमच्याकडे तो ९ होता. आजारपणामुळे त्याहून कमी क्रेडिट घेण्याची सोय नियमांतच आहे, त्यामुळे ‘विषय सोडलास तर व्हिसा जाईल’ हे मित्रमैत्रिणींचे सांगणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे, की आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याने ‘सेविस’ या सरकारी प्रणालीत मंजुरीची नोंद केल्यानंतरच विषय सोडायचा. आधी सोडला आणि मग मंजुरी मागितली, तर तो नियमभंग ठरतो.

मी पत्र जोडून अर्ज भरला आणि आठ दिवसांनी तो परत आला. कारणाच्या रकान्यात ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच होते. ईमेल पाठवला, तर तीन कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल असा आपोआप येणारा संदेश आला, आणि ते तीन दिवस उत्तराविना गेले. मग प्रत्यक्ष भेटीच्या वेळेत, म्हणजे दुपारी दोन ते चार, जाऊन रांगेत उभी राहिले. माझा क्रमांक येईपर्यंत चार वाजले आणि खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी दीड वाजताच जाऊन बसले, तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने अर्ज उघडून पाहिला आणि पत्राखालच्या सहीवर बोट ठेवले. माझ्या समुपदेशक बाई परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे मानसिक आरोग्याचे समुपदेशन करणाऱ्या समाजकार्यकर्त्या, होत्या. समुपदेशनासाठी ती पात्रता पूर्ण आहे, परंतु या मंजुरीसाठी पत्र परवानाधारक वैद्यकीय डॉक्टर, ऑस्टिओपथीचे डॉक्टर किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञ यांचेच लागते. हे संघराज्याच्या नियमात लिहिलेले आहे, पण अर्जाच्या नमुन्यात फक्त ‘वैद्यकीय पत्र’ असे शब्द होते. ज्या कार्यालयाकडे असे अर्ज दर सत्राला येतात, त्याने ही एक ओळ छापू नये, आणि जी मुलगी मुळात अंथरुणातून उठू शकत नाही तिला ती शोधायला लावावी, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

केंद्रातील एकमेव मानसशास्त्रज्ञांची पहिली मोकळी वेळ तीन आठवड्यांनंतरची होती आणि विषय सोडण्याची अंतिम तारीख त्याच्या आत येत होती. पुढच्या चार दिवसांत मी तो विषय सोडून मोकळी व्हावे म्हणून संकेतस्थळावरचे बटण दाबायच्या बेतात दोनदा आले होते. दाबले नाही, हे माझ्या हातून त्या महिन्यात झालेले सर्वांत शहाणपणाचे काम.

वाट सापडली ती समुपदेशक बाईंमुळेच. त्यांनी माझी लेखी संमती घेऊन विद्यार्थी आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना फोन केला. माझ्या मनात हा मार्ग आलाच नव्हता, कारण तिथे मी फक्त सर्दीतापासाठी जात असे. डॉक्टरांनी चाळीस मिनिटे तपासणी केली, नैराश्य किती आहे ते पाहणारा नऊ प्रश्नांचा पीएचक्यू-९ हा कागद पुन्हा भरून घेतला आणि त्याच दिवशी पत्र दिले. त्यात आजाराचे नाव नव्हते. विद्यार्थिनीने या सत्रात इतके क्रेडिट कमी घ्यावेत, अशी शिफारस आणि परवान्याचा उल्लेख होता, व आमच्या कार्यालयाला तेवढे पुरले. दोन दिवसांत मंजुरी आली. त्या संध्याकाळी विषय सोडला आणि कित्येक आठवड्यांनी प्रथमच सलग सात तास झोपले. सत्राच्या मध्यावर सोडल्यामुळे त्या विषयाची फी मात्र परत मिळाली नाही, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता मनात असणाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावे.

ही मंजुरी एका सत्रापुरतीच असते. पुढच्या सत्रात गरज असेल तर नवे पत्र आणि नवा अर्ज लागतो, आणि शिक्षणाच्या एका स्तरावर आजारपणासाठी मिळणारी सवलत एकूण १२ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. अभ्यास जड जातो म्हणून मिळणारी सवलत वेगळी असते, तिच्या अटीही वेगळ्या. अर्जात चुकून तो पर्याय निवडू नये.

आणखी एक गोष्ट पहिल्याच परिच्छेदात यायला हवी होती. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर कोणत्याही अर्जाची वाट पाहू नये. अमेरिकेत ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर फोन करता येतो किंवा संदेशही पाठवता येतो. भारतात असलेल्यांसाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे आणि तिथे भारतीय भाषांत बोलता येते. घुसमट हा शब्द इंग्रजीत सांगताना मी किती अडखळले होते ते आठवते, म्हणून आपल्या भाषेत बोलता येण्याचे मोल मला ठाऊक आहे. आईला मी सगळे डिसेंबरात सांगितले. ती रागावली नाही, रोज एक फोन जास्त करू लागली.

सत्र संपल्यावर मी त्या कार्यालयाला लिहून कळवले, की सही कोणाची चालते ते अर्जाच्या पहिल्या पानावर ठळक छापावे. सूचनेची नोंद घेतली आहे, असे उत्तर आले. मे महिन्यात पदवी घेऊन निघताना मी तो नमुना पुन्हा उघडून पाहिला. पहिल्या पानावर अजूनही ‘वैद्यकीय पत्र’ एवढेच होते.