भाट्याच्या पुळणीवरचा ओंडका

जुलैच्या उधाणाने भाट्याच्या पुळणीवर एक जाड ओंडका आणून टाकला. पाण्यात बुडालेली बाजू लेपासने, म्हणजे देठाच्या बार्नेकलने, गच्च भरलेली. लेपास किनाऱ्याच्या खडपावर सहसा धरत नाही. उघड्या समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूवर वाढतं. म्हणून ओंडका किमान किती काळ वाहत होता, याचा अंदाज त्याच्या कवचावरून बांधता येतो.

अशा वेळी घाई करावीच लागते. ऊन लागलं की देठ आकसतात आणि कावळे टोचू लागतात. आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. मग 20 × 20 सेंटिमीटरच्या चौकटीतले जीव देठाच्या तळापासून बोथट पात्याने सोडवले. मोजायचं ते कवच, देठ नव्हे. तेही चौकटीतलं सर्वांत मोठं. सरासरीत मागाहून चिकटलेली पिल्लं येतात आणि काळ कमी निघतो. कोमट पाण्यात वाढ झपाट्याने होते, त्यामुळे उत्तर एका आकड्यात देऊ नये. गोड्या पाण्याने धुणं टाळलं, कारण कवचांच्या फटीतले मऊ जीव त्याने खराब होतात. डीएनएचे नमुने 95 टक्के इथेनॉलमध्ये गेले, फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो. मांसातलं पाणी उतरून इथेनॉल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलायचं.

मासेमारीबंदीमुळे होड्या वर ओढलेल्या होत्या. बघत उभ्या असलेल्या एका काकांनी विचारलं, "सर, पाणी एवढं लांबून आणतं, तर बर्फाकडेपण नेत असेल. मग तिथली मासळी आपल्यापेक्षा वेगळी कशी?"

फार मोलाचा प्रश्न. आपल्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला आणि थंडीत उत्तरेला वाहतो. अशी ये-जा असली की पिल्लं मिसळत राहतात. दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया सुटल्यावर अंटार्क्टिकाभोवती मात्र पाण्याला अडवणारी जमीनच उरली नाही. तिथला प्रवाह जवळजवळ तळापर्यंत जातो आणि सेकंदाला 13 ते 17 कोटी घनमीटर पाणी पूर्वेकडे वाहून नेतो. हा प्रवाह कुंपणासारखा आतलं पाणी बाहेरच्यापासून वेगळं ठेवतो, आणि ते आतलं पाणी उणे 1.9 अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतं. अशा पाण्यात माशाचं रक्त गोठायला हवं. तिथल्या नोटोथेनिऑइड गटाच्या माशांत ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकापासून गोठणरोधक प्रथिन घडलं आणि त्यांच्या कितीतरी जाती तिथेच उदयाला आल्या. त्यांच्यातल्या आइसफिशच्या रक्तात तर हिमोग्लोबिनच नाही. थंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो म्हणून ते निभतं.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या आर्क्टिक समुद्राला प्रवाहाचं असं कुंपण नाही. अटलांटिकचं पाणी फ्रॅम सामुद्रधुनीतून आणि बॅरेंट्स समुद्रातून आत येतं, पॅसिफिकचं बेरिंग सामुद्रधुनीतून. तरी तिथल्या कॉड माशांमध्ये तसंच गोठणरोधक प्रथिन वेगळ्याच डीएनएपासून तयार झालं. म्हणजे सगळं श्रेय प्रवाहाला देता येत नाही. थंडीचाही वाटा मोठा आहे.

शिवाय कुंपणाला भोकं आहेत. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर सापडलेलं केल्प हे समुद्री शेवाळ जनुकांवरून केर्गेलेन आणि दक्षिण जॉर्जिया बेटांचं ठरलं. हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला एक प्रवास 20,000 किलोमीटरहून लांब होता, आणि वादळी लाटांच्या पृष्ठीय ओढीने ते प्रवाहापलीकडे पोचलं. पोचतं, पण तिथे रुजत नाही, कारण थंडी आणि खडक घासणारा बर्फ. काकांना मी हेच सांगितलं: तरंगणारं जाऊ शकतं, टिकणं अवघड.

बर्फ कमी झाला तर केल्प तिथे टिकू शकेल, आणि त्याला चिकटून आलेले जीवही. आपल्या खडपावर कालवं फोडणारे खेकडे रोजचे आहेत. अंटार्क्टिकाच्या उथळ पाण्यातले शिंपले मात्र कवच फोडणाऱ्या खेकड्यांशिवायच घडले आहेत.