शेलापागोटं, फिशपाँड आणि त्या वर्षीचा शब्द

डिसेंबर लागला की शाळेत गॅदरिंगचं वारं सुटायचं आणि शिक्षकांच्या खोलीबाहेर घोटीव कागद चिकटवलेलं बुटांचं खोकं यायचं. झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी फट. जुन्या पिढीचं हे शेलापागोटं, नंतरच्यांचं फिशपाँड: कुणाच्या तरी नावावर टाकलेली गमतीची चिठ्ठी, गॅदरिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचायची. वर्षभरात गाण्यांतून, सिनेमांतून, रिक्षांच्या पाठीवरून आलेला नवा शब्द त्या खोक्यात पडायचाच.

चिठ्ठी एका ओळीची, फार तर दोन, आणि नवा शब्द शेवटी. आधी ओळ वाचायची, क्षणभर थांबायचं, मग नाव. नाव आधी फोडलं तर पोरं नावालाच हसतात आणि ओळ वाया जाते. ‘वर्गात विषय सोपा, पेपरात विषय हार्ड!’ ही ओळ उलटी फिरवून बघा, दमच निघून जातो.

टिकून राहिलेले शब्द बघण्यासारखे आहेत. झकास, भन्नाट, कडक, भारी: एकही लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. भन्नाट मुलगा, भन्नाट मुलगी, भन्नाट पोरं. चिठ्ठी कुणाच्याही नावावर खपते. कोल्हापूरकडचा ‘नाद खुळा’ तर त्याहून गोड. त्यातला खुळा नादाचा, म्हणून ‘तिचं गाणं नाद खुळा’ असंच म्हणायचं, ‘खुळं’ नाही. आणि पोपट मुलाचाही होतो, मुलीचाही पोपटच.

2016 च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला, आणि त्या हिवाळ्यात जिकडेतिकडे ‘झिंगाट’. अशा वर्षी निवडणाऱ्यांनी कठोर व्हावं: एका शब्दाची एकच चिठ्ठी, तीही निम्मा कार्यक्रम सरल्यावर. अर्ध्या तासात 30-35 चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या, कारण हशा ओसरायलाही वेळ द्यावा लागतो. खोकं दोन दिवस आधी बंद करावं. रंग, अंगकाठी, आडनाव, जोड्या लावणं, असल्या चिठ्ठ्या जागच्या जागी फाडाव्यात. शब्द अनोळखी असेल तर सरांनी दोघातिघांना वेगवेगळं गाठून अर्थ विचारावा; द्वयर्थी शब्द असाच सापडतो.

वाचणारा मात्र बोलीचा हवा. ‘लय भारी’तला ‘लऽय’ ओढता आला पाहिजे. पुस्तकी उच्चारात तो मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. माईक ओठांपासून चार बोटं लांब. नाव ऐकून उभा राहिलेला मुलगा हसू दाबत खाली बसला, की पुढची चिठ्ठी उचलायची.